ऑर्थोत येताय? आधी बल आणि मोमेंट पक्के करा

बीडीएसला (दंतवैद्यकाच्या पदवीला) बायोमेकॅनिक्स, शरीरावरच्या बलांचं शास्त्र, म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री घोकायच्या चार व्याख्या. एमडीएसला (पदव्युत्तर शिक्षणाला) ऑर्थो, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करण्याची शाखा, घेतलं की टायपोडॉन्ट, दातांचं सरावाचं मॉडेल, हातात येतो आणि घोकलेलं काही कामाला येत नाही.

मेणात बसवलेले दात, त्यांवर चिकटवलेले ब्रॅकेट, त्यांतून जाणारी तार. उपदाढ काढलेल्या जागेत सुळा मागे घ्यायचा असतो. रबरी साखळी ओढून लावायची, टायपोडॉन्ट गरम पाण्यात बुडवायचा. मेण मऊ पडतं आणि सुळा सरकायचं सोडून कलतो. वरचा भाग मागे, मुळाचं टोक पुढे. कारण दाताचं सेंटर ऑफ रेझिस्टन्स (जिथून बल गेलं तर दात न कलता सरकतो तो बिंदू) असतं मुळावर, हाडाच्या आत, आणि आपण ओढतो ब्रॅकेटपाशी. दोन्हींत अंतर साधारण 10 मिमी धरा. 100 ग्रॅमनं ओढलंत की 1000 ग्रॅम-मिमीचा मोमेंट, म्हणजे दात फिरवणारा जोर (बल गुणिले अंतर), फुकटात तयार! दात उभाच्या उभा सरकवायचा तर तेवढाच उलटा मोमेंट तारेतून द्यावा लागतो. हे गणित अकरावीच्या भौतिकशास्त्राचंच आहे. प्रत्येक केसला वहीत दाताचं चित्र काढून बल आणि मोमेंटचे बाण काढायची सवय लावा. सीनियर हसतील, हसू द्या.

जोर वाढवला की दात लवकर सरकेल, ही समजूतही इथेच सोडा. मूळ आणि हाड यांना जोडणारा मधला मऊ पडदा, म्हणजे लिगामेंट, जेमतेम 0.2 मिमीचा. फार दाबलं की तिथला रक्तपुरवठा थांबतो, पेशी मरतात आणि दात काही दिवस जागचा हलत नाही. म्हणून फोर्स गेज (बल मोजायचं साधन) खिशात ठेवा, अंदाजावर जाऊ नका. इम्प्लांटला (हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळाला) तर हे लिगामेंटच नसतं, त्यामुळे तो ऑर्थोच्या बलानं सरकतच नाही. बाकीचे दात ओढायला पक्का आधार, म्हणजे अँकर, म्हणून त्याचा उपयोग होतो तो याच गुणामुळे.

प्रोस्थोवाल्यांसाठी (कृत्रिम दात बसवणाऱ्या शाखेसाठी) एकच गोष्ट: ब्रिजची, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेल्या कृत्रिम दातांच्या पुलाची, लांबी दुप्पट केली की तो आठपट वाकतो.

बायोमेकॅनिक्सकडे इंजिनिअरिंगकडून येणाऱ्यांना गेट या प्रवेशपरीक्षेचा बायोमेडिकल पेपर 2020 पासून आहे. चालण्या-धावण्याचा अभ्यास करायचा असेल तर ओपनसिम हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. गुडघ्यावर येणारा मोमेंट काढतानाही बाण तेच.

थीसिसला फायनाइट एलिमेंट (दात-हाडाचं संगणकावर छोट्या तुकड्यांत मॉडेल करून ताण काढायची पद्धत) घेण्याची हल्ली फॅशन आहे. चित्रं रंगीत येतात, गाइड खूश होतात. पण लिगामेंटचे गुणधर्म कोणते धरले आणि मॉडेल कुठे घट्ट बांधलं, हे व्हायवात (तोंडी परीक्षेत) विचारतातच. ती दोन उत्तरं तयार नसतील तर विषय बदला.