दोन सेलवरचा ॲम्प्लिफायर: आधी बायसच्या रेझिस्टरकडे बघा

पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, ऑप-ॲम्प (छोटा सिग्नल मोठा करणारी चिप) मागितला की एलएम३५८ लगेच हातात पडतो. चिप चांगली आहे, पण दोन पेन्सिल सेलवर ती घेऊ नका. तिला किमान ३ व्होल्ट लागतात, आणि आउटपुट सप्लायच्या साधारण दीड व्होल्ट खालीच अडकतं. सेल थोडे उतरले की संपलंच. त्याऐवजी एमसीपी६००१ घ्या: १.८ व्होल्टपासून चालतो, स्वतः जेमतेम १०० मायक्रोॲम्पिअर खातो. गेन १०० ठेवला, म्हणजे सिग्नल शंभर पट केला, तर बँडविड्थ (किती वेगाने बदलणारा सिग्नल पेलतो ती मर्यादा) १० किलोहर्ट्झ उरते. तापमान मोजायला ती भरपूर.

खरी उधळपट्टी चिपच्या बाहेर होते. अर्ध्या व्होल्टेजच्या बायससाठी, म्हणजे सिग्नल सप्लायच्या मधोमध बसवायला, १० किलोओहमचे दोन रेझिस्टर लावले, तर ३ व्होल्टवर ते एकटेच १५० मायक्रोॲम्पिअर पितात, म्हणजे चिपपेक्षाही जास्त! तिथे १ मेगाओहमचे दोन लावा, खर्च दीड मायक्रोॲम्पिअरवर येतो. मधल्या बिंदूपासून ग्राउंडला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर द्या, नाहीतर आसपासचा गोंगाट तिथून आत शिरतो.

आणि सोल्डरिंगनंतर फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून वापरलेला चिकट पदार्थ) आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारून काढाच. पुण्यातल्या जुलैच्या दमट हवेत, न पुसलेल्या बोर्डवरून झिरपणारा करंट मेगाओहमचा बायस सहज हलवतो. माझ्या दोन संध्याकाळी चिप बदलण्यात गेल्या. दोष त्या चिकट पिवळ्या थरात होता.