सस्तन प्राणी ओळखताना या चुका टाळा

रानात फिरायला नव्याने येऊ लागलेल्यांच्या तोंडून पहिल्याच दिवशी एक व्याख्या हमखास ऐकू येते: पिल्लं घालतो तो सस्तन. ती आधी डोक्यातून काढा. घोणस पिल्लं घालते, पण ती साप आहे. ऑस्ट्रेलियातला प्लॅटिपस अंडी घालतो, तरी सस्तन आहे, कारण मादी पिल्लांना दूध पाजते. अंगावर केस आणि पिल्लांना दूध, हे पाहायचं. कवटी हाताशी असेल तर खालच्या जबड्याची प्रत्येक बाजू एकाच हाडाची आहे का, तेही बघा.

माझा सगळ्यात जास्त जीव तुटतो तो उसाच्या फडातल्या पिल्लांपायी. ठिपके दिसले की 'बिबट्याची पिल्लं' अशी हाकाटी होते. काही वर्षांपूर्वी जुन्नर तालुक्यातून सकाळीच फोन आला. पोहोचलो तेव्हा फळांच्या क्रेटमध्ये दोन पिल्लं होती, भोवती चाळीसेक माणसं, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. एक जण पिल्लाला उताणं धरून कापसाच्या बोळ्याने गाईचं दूध पाजत होता. पिल्लं तळहातात मावणारी. कपाळावर उभ्या गडद रेघा, डोळ्यांच्या आतल्या बाजूने वर गेलेल्या पांढऱ्या पट्ट्या, आणि शेपटी जवळजवळ बिनठिपक्यांची. बिबट्याच्या पिल्लाच्या शेपटीवरही ठिपके असतात. ही वाघाटीची पिल्लं होती. वाघाटी म्हणजे जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी एक. पूर्ण वाढली तरी वजन जेमतेम दीड किलो.

वनखात्याची माणसं आली. पिल्लं सापडली तेवढा तुकडा तोडायचा नाही, हे मालकाने लगेच मान्य केलं. संध्याकाळी पिल्लं त्याच सरीत ठेवली आणि आम्ही लांब थांबलो. रात्री आई आली आणि एकाला मानेला धरून घेऊन गेली. दुसरं त्याआधीच गेलं होतं. पाजलेलं दूध श्वासनलिकेत उतरलं होतं. तो कापसाचा बोळा मला अजून दिसतो.

म्हणून माझी सवय सांगतो. पिल्लू दिसलं की तोडणी थांबवायची, माणसं मागे घ्यायची आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. दूध नाही, फोटो नाही, घरी नेणं तर अजिबातच नाही. बिबट्या आणि वाघाटी दोघंही १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पिल्लू कशाचं आहे हे ठरवायची घाई तर मुळीच नको. दोन्हींच्या बाबतीत पहिलं काम एकच आहे: आईसाठी वाट मोकळी ठेवणं.

दुसरी चूक घरातली. चिचुंद्री म्हणजे उंदीर नव्हे. तिचं लांब, सतत हलणारं नाक आणि बारीक डोळे बघा. मेलेली सापडली तर काडीने ओठ उचला. उंदराला पुढे पटाशीचे दात, मग मोकळी जागा, मग दाढा. चिचुंद्रीच्या जबड्यात अशी मोकळी जागा नसते, टोकदार दातांची सलग रांग असते. ती मुख्यतः किडे आणि झुरळं खाते. तिच्या अंगाला कस्तुरीसारखा उग्र वास येतो, म्हणून लोक तिला विष घालतात. पावसाळ्यात एकदा ओसरीच्या कडेने आई पुढे आणि मागे पिल्लांची माळ जाताना पाहिली. प्रत्येक पिल्लाने पुढच्याला शेपटीजवळ तोंडात धरलेलं. हे ज्याने पाहिलंय, त्याचा हात विषाच्या पुडीकडे जाणार नाही.

बाकीच्या थोडक्यात. गोष्टीच्या पुस्तकांमुळे 'फॉक्स' म्हणजे कोल्हा असं पोरांच्या डोक्यात बसलंय. आपला कोल्हा म्हणजे जॅकल, फॉक्स म्हणजे खोकड. खोकड पुष्कळ लहान, आणि झुबकेदार शेपटीचं टोक काळं. नीलगाय गाय नाही, कुरंग (अँटिलोप) आहे, आणि शिंगं फक्त नराला. सांबराची शिंगं दरवर्षी गळतात, काळविटाची जन्मभर टिकतात, तेव्हा दोघांना सरसकट 'हरीण' म्हणून मोकळे होऊ नका. खवले मांजर मांजरही नाही आणि सरपटणारंही नाही. खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे, पोटावर केस, तोंडात एकही दात नाही.

फोटो ॲपमध्ये टाकून आलेलं नाव वहीत उतरवणं मला अजिबात पटत नाही. ॲपला शेपटी दिसलेली नसते, चाल दिसलेली नसते. ठशांचंही तेच. नखं उमटली असतील तर ते सहसा मांजरकुळातलं जनावर नसतं, कुत्रा किंवा तरस असू शकतो. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा असतो. एका ठशावर मी नाव देत नाही. शेजारी काडेपेटी ठेवून मापासाठी फोटो काढतो आणि त्याच वाटेवर पुढचे चार ठसे शोधतो. ते नाही सापडले तर वहीत 'अनोळखी' लिहून तारीख टाकतो.