मुंबईतली रात्र आखायची ती परतीच्या टोकाकडून

बेळगावात रात्री अकरानंतर खडेबाजारात फारसं कुणी नसतं, आणि कुठूनही घर गाठायला दुचाकीवर पंधरा-वीस मिनिटं पुरतात. त्यामुळे बाहेर पडताना परतायचं कसं, हा प्रश्नच आपल्याला पडत नाही. मुंबईत तो सगळ्यात आधी सोडवायचा. झोपायचं कुठे, तिथवर जायचं कशानं आणि ते साधन किती वाजता बंद होतं, एवढं ठरल्यावरच जेवण कुठे आणि गाणी कुठे ते बघायचं.

शेवटच्या लोकल सीएसएमटीहून साडेबाराच्या आसपास आणि चर्चगेटहून एकच्या सुमाराला सुटतात. पुढची गाडी पहाटे चारनंतर. मधले तीन-साडेतीन तास मुख्यतः टॅक्सी आणि रिक्षा, त्यातही रिक्षा माहीम आणि सायनच्या दक्षिणेला येतच नाही. काळी-पिवळी टॅक्सी रात्री बारा ते पाच मीटरपेक्षा २५ टक्के जास्त घेते. ते कायदेशीर आहे, त्यावरून वाद घालू नका. मात्र आत बसण्याआधी "मीटरनं येणार ना?" एवढं विचारून घ्या. बार दीड वाजता बंद होतात आणि सगळी गर्दी एकदम रस्त्यावर येते, म्हणून ॲपवरच्या गाड्यांचे दर नेमके तेव्हाच चढतात. एकतर पाऊण वाजताच निघा, नाहीतर सायकलवरच्या चहावाल्याजवळ सव्वादोनपर्यंत थांबा.

डोंबिवलीला मावशीकडे उतरायचं आणि रात्र कुलाब्यात काढायची, हा बेत कागदावरच बरा. मुक्काम दक्षिणेला जमत नसेल तर फिरणंही अंधेरी-वांद्र्याकडे ठेवा. नातेवाइकांकडे राहणार असाल तर किती वाजता येणार ते खरं सांगा, किल्ली मागून घ्या आणि इमारतीचं फाटक कधी बंद होतं तेही विचारा. लॉजवर प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं. चौघांत एकानं आधार घरी विसरला की रात्री अकरा वाजता चौघंही बाहेर, म्हणून डिजिलॉकर आधीच उघडून बघा.

आपण तीन राज्यांच्या कोपऱ्यावर राहतो आणि तिथेच गफलत होते. गोव्यात अठराव्या वर्षी दारू मिळते. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात, शिवाय पिण्याचा परवाना असावा लागतो. बावीस वर्षांच्या मुलाला चोर्ला घाटापलीकडे गोव्यात जे चाललं, ते मुंबईत चालणार नाही. गोव्याची स्वस्त बाटली बॅगेत टाकून न्यायचा विचार तर सोडूनच द्या. परवान्याशिवाय ती सीमेपार नेणं कर्नाटकातही गुन्हा आहे आणि महाराष्ट्रातही.

बऱ्याच क्लबांत फक्त मुलांच्या टोळक्याला दारातूनच परत पाठवतात आणि चपलेवर आत घेत नाहीत. निघण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचारा: फक्त मुलगे असतील तर चालेल का, आणि कव्हर चार्ज, म्हणजे आत जायचे पैसे, बिलात वळता होतो का. मेनूतल्या भावावर कर चढतो. सेवा शुल्क मात्र ऐच्छिक आहे, ते काढून टाकायला सांगता येतं. डेटिंग ॲपवर नुकतीच ओळख झालेली व्यक्ती स्वतःच एखादा ठरावीक बार सुचवत असेल तर जागा तुम्ही बदला. ती व्यक्ती महागडे ग्लास मागवते, फोनच्या निमित्तानं बाहेर जाते आणि हजारोंचं बिल तुमच्यापुढे येतं, ही फसवणुकीची ठरलेली रीत आहे. असं झालंच तर पैसे देण्याआधी ११२ लावा.

आधी पोटभर जेवा. तीस मिलीचा एक पेग शरीरातून उतरायला साधारण तास-सव्वा तास लागतो. कॉफीनं किंवा तोंडावर पाणी मारल्यानं त्यात एक मिनिटही वाचत नाही. ग्लास सोडून गेलात तर परत आल्यावर तो ओतून टाका, पैसे गेले तरी चालतील. गाडी चालवायला १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम ही मर्यादा आहे. पहिल्यांदा सापडलात तर १०,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. केए-२२ ची, म्हणजे बेळगावची, गाडी घरीच ठेवा, मुंबईत तिला जागाही मिळत नाही. सोबतचा कुणी हाक मारूनही जागा होत नसेल तर त्याला कुशीवर वळवा, एकटा सोडू नका आणि १०८ ला फोन करा. उताणा ठेवला तर उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. झोपेल आणि बरा होईल, असं म्हणून कुणालाही बाजूला टाकू नका.

आता समुद्र. आपल्याला ओळखीचा आहे तो गोव्याचा, हळूहळू उतरत जाणाऱ्या वाळूचा. मरीन ड्राइव्हला कठड्यापलीकडे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे एकमेकांत अडकवून टाकलेत. वरून ते कोरडे आणि बसण्याजोगे दिसतात. खालच्या अंगाला हिरवी शेवाळ असते आणि दोन ठोकळ्यांमधल्या फटीत माणूस अडकू शकतो. मोबाइल खाली पडला तर तो गेला असं समजा, त्याच्यामागे उतरू नका. वांद्र्याच्या बँडस्टँडच्या खडकांचंही तेच: पाणी समोरून येतं तसं बाजूच्या खाचेतूनही येतं आणि परतीची वाट आधी बुडते.

भरतीची वेळ काढायला कोकणातले लोक तिथीला पाऊणपट करतात. अष्टमी असेल तर आठचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळीही. पौर्णिमा-अमावास्येला हाच हिशेब बाराच्या जवळ जातो. म्हणजे चांदणं बघायला सगळे ज्या रात्री येतात, त्याच मध्यरात्री पाणी सगळ्यात वर असतं. घरच्या दिनदर्शिकेत तिथी बघूनच दिवस ठरवा. पावसाळ्यात भरती साडेचार मीटरच्या वर असेल तर किनाऱ्यावर जायचंच नाही. कठड्याच्या अलीकडच्या फुटपाथवर बसून मिळणारा वारा तोच असतो.

दारू न पिणाऱ्यांची रात्र इथे जास्त चांगली जाते, असं आमचं स्पष्ट मत आहे. दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात रात्रीचा प्रयोग बघा. सुटल्यावर शिवाजी पार्कच्या कट्ट्याला एक फेरी होते, जेवण होतं आणि शेवटची लोकलही हातात असते. रमजानात मोहम्मद अली रोडवर पहाटेपर्यंत खाणं चालतं. तिथे गर्दी दाट असते, पाकीट पुढच्या खिशात हवं.

बायका-मुलींनी रात्री उशिराच्या लोकलमध्ये पोलिस बसलेला महिला डबा बघून चढावं. मदतीसाठी मुंबईत महिलांना १०३ हा फोन नंबर आहे, रेल्वेत १५१२. टॅक्सीत बसल्यावर गाडीचा नंबर मोठ्यानं बोलून घरी फोन करा आणि लोकेशन चालू ठेवा.

निघण्याआधी *#०६# दाबून आलेला आयएमईआय नंबर कागदावर लिहून घरी ठेवा. फोन चोरीला गेल्यावर तो बंद करायला हाच नंबर लागतो. यूपीआयची रोजची मर्यादा त्या रात्रीपुरती कमी करा, पाचशेची एक नोट वेगळ्या खिशात ठेवा. खात्यातून पैसे गेले तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन करा.

बेळगावच्या स्लीपर बस पुष्कळदा उड्डाणपुलाखाली किंवा पेट्रोल पंपासमोर थांबतात. पाटी नसते. दुपारीच ड्रायव्हरला फोन करून नेमकी खूण विचारा आणि अर्धा तास आधी तिथे उभे राहा.