गेममध्ये काय बोललं की काय होतं ते आधीच दाखवणारा मॉड घरच्या घरी कसा बनवायचा

मे महिन्याच्या सुट्टीत माझी मावसबहीण आमच्याकडे राहायला आली होती, तिला मी एक व्हिज्युअल नॉव्हेल लावून दिली, म्हणजे चित्रं, संवाद आणि मधे मधे दोन-तीन पर्याय येतात तसला गेम. दर पर्यायाला ती थांबायची आणि विचारायची, "दादा, यातलं काय दाबलं की ती रागावणार नाही?" तिचं इंग्रजी चांगलं आहे, पण तीन शब्दांच्या पर्यायामागे बोलणाऱ्याचा सूर काय आहे हे भल्याभल्यांना कळत नाही. २०१५ मध्ये फॉलआउट ४ आला तेव्हा जगभरच्या लोकांची हीच तक्रार होती, पर्यायात दोन-तीन शब्द दिसायचे आणि हिरो तोंड उघडून भलतंच काहीतरी बोलायचा, म्हणून मग फुल डायलॉग इंटरफेस नावाचा मॉड (मॉड म्हणजे तयार गेममध्ये खेळणाऱ्यांनी केलेला बदल) आला आणि त्यात पूर्ण वाक्य आधीच वाचता यायला लागलं. आपण त्याच्या एक पाऊल पुढे जाऊ, पर्यायासमोर त्याचा परिणाम लिहू.

यासाठी प्रोग्रामिंग यायला लागत नाही. खरंच नाही. असे गेम बनवायचं रेनपाय नावाचं इंजिन आहे, २००४ पासून आहे, फुकट आहे, आणि त्यात लिहिलेली गेमची स्क्रिप्ट जवळजवळ नाटकाच्या संहितेसारखी वाचता येते. सराव करायला त्याच्यासोबतच 'द क्वेश्चन' नावाचा छोटा गेम मिळतो, त्याची सगळी स्क्रिप्ट उघडी असते, आपण त्यावरच काम करू.

आधी मांडामांड

रेनपायच्या अधिकृत साइटवरून एसडीके (गेम बनवायच्या साधनांचा संच) डाउनलोड करा, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. शक्यतो नवीन आवृत्तीच घ्या, कारण मराठीत लिहायचं असेल तर जुन्या आवृत्त्यांमध्ये जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात. उघडलं की लाँचर दिसतो, त्यात डावीकडे 'द क्वेश्चन' निवडा आणि आधी गेम नीट खेळून घ्या, एकदा नाही, सगळे पर्याय दाबून होतील इतक्या वेळा. पटकन होतो. खेळताना माउसचं चाक वर फिरवलं की गोष्ट मागे जाते, त्यामुळे दर वेळी पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही.

मग त्या गेमच्या फोल्डरची एक कॉपी दुसरीकडे ठेवून द्या. हे टाळू नका, स्क्रिप्टमध्ये ओळीच्या सुरुवातीची एक स्पेस इकडची तिकडे झाली तरी गेम उघडेनासा होऊ शकतो, आणि आपण नक्की कुठे हात लावला होता ते तासाभराने आठवत नाही.

आता लाँचरमधून स्क्रिप्टची फाइल उघडा. पहिल्यांदा कुठला एडिटर वापरायचा ते विचारेल, व्हिज्युअल स्टुडिओ कोड घ्या, पुढे शोधाशोध करायला तो फार कामाला येतो. वर्ड मात्र नको. वर्ड साधी अवतरण चिन्हं बदलून वाकडी करतो आणि रेनपायला ती समजत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर मित्राने पाठवलेली ओळ कॉपी-पेस्ट करतानाही हे एकदा बघून घ्या.

पर्याय कुठे लिहिलेत ते शोधा

कंट्रोल एफ दाबून 'मेन्यू' हा शब्द (इंग्रजीतच) शोधा. 'द क्वेश्चन'मध्ये दोनच मेन्यू आहेत. पहिल्यात हिरोला सिल्वी नावाच्या मैत्रिणीला विचारायचं असतं की माझ्या गेमची चित्रं काढशील का, आणि पर्याय दोन: लगेच विचारायचं की नंतर. दुसरा मेन्यू लगेच विचारलं तरच येतो, तिथे सिल्वी विचारते व्हिज्युअल नॉव्हेल म्हणजे काय, तर उत्तर द्यायचं व्हिडिओगेम असतो किंवा वाचता-खेळता येणारं पुस्तक असतं.

इथे बारकाईने बघा. मेन्यूच्या खाली अवतरण चिन्हांत काही ओळी असतात, पण सगळ्या म्हणजे पर्याय नव्हेत. ज्या ओळीच्या शेवटी कोलन आहे तोच पर्याय. कोलन नसेल तर ते पर्यायांसोबत दिसणारं वाक्य असतं, त्यात सूचना लिहून उपयोग नाही. आणि काही गेममध्ये पर्यायाच्या पुढे, कोलनच्या आधी 'इफ' लिहून एक अट असते, म्हणजे ती अट पूर्ण झाली नाही तर तो पर्याय तुम्हाला दिसतच नाही, कितीतरी लोक पूर्ण गेम खेळून संपवतात आणि असा पर्याय होता हे त्यांना कधी कळतच नाही.

आता खरं काम: परिणाम शोधणं

पर्यायाच्या खाली थोडं आत सरकवून जे लिहिलेलं असतं तो त्याचा परिणाम. तीन गोष्टी ओळखता आल्या की झालं.

एक, 'जंप'. म्हणजे गोष्ट उडी मारून दुसऱ्या जागी जाते, त्या जागेला लेबल म्हणतात. जंपच्या पुढचं नाव कॉपी करून शोधा, तिथे काय होतं ते वाचा. 'नंतर विचारू' या पर्यायाचं लेबल उघडलंत तर दिसेल की हिरो त्या दिवशी विचारत नाही, दुसऱ्या दिवशीही विचारत नाही, आणि थोड्याच ओळींत बॅड एंडिंग येतं. गेम संपला.

दोन, डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारी ओळ. इथे गेम काहीतरी लक्षात ठेवतो. पुस्तकाच्या उत्तराचं लेबल उघडा, तिथे 'बुक' नावाच्या व्हेरिएबलला (व्हेरिएबल म्हणजे गेमने लक्षात ठेवलेली नोंद) 'ट्रू', म्हणजे 'हो', केलेलं आहे. बाकीच्या गेममध्ये इथे बहुतेक वेळा कोणाच्या तरी नावाचे गुण वाढलेले किंवा कमी झालेले दिसतील.

तीन, 'इफ'. गेमने जे लक्षात ठेवलं होतं ते इथे वापरलं जातं.

आता लोक चुकतात ते असं, की डॉलरची ओळ दिसली, एक गुण वाढला, की लगेच पर्यायासमोर अधिक एक लिहून मोकळे होतात. पण तो गुण पुढे कोणी विचारतो का? हे बघितल्याशिवाय काहीच कळत नाही. 'बुक' हा शब्द पूर्ण फाइलमध्ये शोधा. शेवटाकडे, दोघं मिळून गेम बनवायला लागतात तिथे एक इफ सापडेल, आणि तिथे काय बदलतं? पहिल्या गेमबद्दलचं एक वाक्य. पुस्तक म्हणालात तर त्यांचा पहिला गेम सिल्वीच्या कल्पनेवर असतो, व्हिडिओगेम म्हणालात तर तिने स्क्रिप्टला मदत केलेली असते. पुढे दोन्हीकडे तेच लग्न, तेच गुड एंडिंग. म्हणजे पहिला पर्याय पूर्ण गोष्ट फिरवतो आणि दुसरा एक वाक्य, पण स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसतात! म्हणून तर हा मॉड करायचा.

मोठ्या गेममध्ये पुढून शोधत बसाल तर वैतागाल. मी आता नेहमी उलटा जातो, आधी सगळे शेवट शोधतो, मग प्रत्येक शेवटाच्या वर कुठली अट आहे ते बघतो, अटीत कुठली व्हेरिएबल्स आहेत ती वहीत लिहितो, आणि मग एकेका नावासाठी सगळ्या फाइल्समध्ये शोध लावतो (व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये कंट्रोल शिफ्ट एफ), की हे कुठे कुठे वाढतं आणि कुठे कमी होतं. वहीत चार रकाने करा: पर्याय, काय बदलतं, पुढे कुठे विचारलं जातं, किती लागतं. शेवटचा रकाना महत्त्वाचा आहे, कारण शेवटाला पाच गुण पुरत असतील आणि गेममध्ये बारा ठिकाणी मिळत असतील तर एखादा हुकला म्हणून काही बिघडत नाही, आणि तसं खेळणाऱ्याला सांगितलं तर तो निवांत खेळतो. काही व्हेरिएबल्स अशीही सापडतील की ती वाढतात, कमी होतात आणि पुढे कोणीच त्यांना विचारत नाही. त्या पर्यायांसमोर मी सरळ 'मनाला येईल ते बोला' असं लिहितो.

सूचना लिहिणं

पर्यायाचं जे वाक्य अवतरण चिन्हांत आहे त्याच्या शेवटी, बंद होणाऱ्या चिन्हाच्या आत, साध्या गोल कंसात लिहा. बाकी कशालाही हात लावू नका, कोलन तिथेच राहू द्या, ओळीच्या सुरुवातीच्या स्पेस तशाच ठेवा आणि टॅबचं बटण तर दाबूच नका, रेनपाय टॅब चालवून घेत नाही.

गोल कंसच का, तर चौकटी कंसाचा रेनपायमध्ये वेगळा अर्थ आहे, त्याच्या आत लिहिलेलं तो व्हेरिएबलचं नाव समजतो. मी पहिल्यांदा चौकटी कंसात नुसतं 'खूश' लिहिलं होतं आणि मेन्यू आला तसा गेम एरर दाखवून थांबला, कारण तो 'खूश' नावाचं व्हेरिएबल शोधत होता. महिरपी कंसही नको, ते अक्षरं ठळक-तिरकी करायला लागतात. टक्क्याचं चिन्हही टाळलेलं बरं.

काय लिहायचं, यावर मी बराच विचार केलाय. 'बॅड एंडिंग' असं लिहून टाकलं तर खेळणाऱ्याकडे निवडायला काही उरतच नाही. बहिणीला हवं होतं ते एवढंच की मी काय बोलतेय आणि समोरच्याला ते कसं लागणार. म्हणून पहिल्या मेन्यूत मी लिहिलं: 'लगेच विचारायचं (धीर लागेल, पण गोष्ट पुढे जाईल)' आणि 'नंतर विचारू (अशी वेळ परत येईलच असं नाही)'. दुसऱ्या मेन्यूत दोन्हीकडे '(गप्पा थोड्या बदलतील)'. स्वतःपुरतं करत असाल, सगळे शेवट बघायचे असतील, तर खुशाल आकडे लिहा. पण दुसऱ्याला देणार असाल तर आकडेवाली आणि नुसत्या सूरवाली अशा दोन वेगळ्या फाइल्स ठेवा, ज्याला जी हवी ती तो घेईल. सूचना चार-पाच शब्दांतच आटपा, लांबली की बटणात दोन-तीन ओळी होतात आणि वाचायला त्रास होतो.

मराठी अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर

दिसतीलच. रेनपायचा नेहमीचा फॉन्ट देजावू सॅन्स आहे, त्यात देवनागरी नाही. नोटो सॅन्स देवनागरी फुकट मिळतो, त्याची फाइल प्रोजेक्टच्या 'गेम' फोल्डरमध्ये टाका, मग 'जीयूआय' नावाची फाइल उघडून जिथे जिथे फॉन्टचं नाव लिहिलंय (संवाद, पात्राचं नाव आणि बटणं अशा तीन ओळी असतात) तिथे नव्या फाइलचं नाव अक्षर न अक्षर तसंच लिहा, शेवटच्या एक्स्टेंशनसकट.

तपासून बघा

लाँचरमध्ये लिंट नावाची तपासणी आहे ती चालवा, बऱ्याच चुका गेम सुरू करायच्या आधीच कळतात. एरर आली तर घाबरू नका, त्यात फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर असतो, त्या ओळीवर किंवा तिच्या लगेच वरच्या ओळीवर चूक असते, बहुतेक वेळा अवतरण चिन्ह बंद करायचं राहिलेलं असतं. गेम चालू असतानाच शिफ्ट आर दाबलं की बदललेली स्क्रिप्ट परत लोड होते. आणि शिफ्ट डी दाबून जो डेव्हलपर मेन्यू येतो त्यात व्हेरिएबल्सची यादी बघता येते, पर्याय दाबा, यादी उघडा, तुमच्या वहीत लिहिलंय तसंच झालं का ते पडताळा, मग चाक वर फिरवून मागे या आणि दुसरा पर्याय दाबा. मी हे प्रत्येक मेन्यूसाठी करतो, कारण चुकीची सूचना देण्यापेक्षा सूचना न दिलेली परवडली.

मूळ फाइलला हात न लावता

हे जमलं की मग भाषांतराचा रस्ता बघा, तो जास्त स्वच्छ आहे. लाँचरमध्ये भाषांतराच्या फाइल्स तयार करून द्यायची सोय आहे, भाषेचं नाव विचारलं की इंग्रजी अक्षरांत मराठी लिहा. रिकाम्या ओळी तयार करायचा पर्याय बंद ठेवा, म्हणजे मूळ वाक्यं तशीच भरलेली मिळतात. तयार झालेल्या फाइलमध्ये पर्यायांच्या जोड्या दिसतील, 'ओल्ड' आणि 'न्यू', तुम्ही फक्त 'न्यू'समोर मराठी वाक्य आणि सूचना लिहायची. नंतर ऑप्शन्सच्या फाइलमध्ये कॉन्फिगची लँग्वेज मराठी अशी डिफाइन केली की गेम तुमच्या भाषेत उघडतो. यात एक अडचण आहे, एकसारखी वाक्यं रेनपाय एकच धरतो, म्हणजे 'येस' हा पर्याय पाच ठिकाणी असेल तर एका 'येस'ची सूचना पाचही ठिकाणी दिसेल. तसे पर्याय असतील तिथे सूचना मूळ स्क्रिप्टमध्येच लिहावी लागते.

दुसऱ्यांच्या गेमवर करताना

'गेम' फोल्डर उघडून बघा. आरपीवाय शेवट असलेल्या फाइल्स दिसल्या तर वर सांगितलं तसंच सगळं लागू. नावाच्या शेवटी आणखी एक सी असेल तर ती कंपाइल केलेली फाइल आहे, ती एडिटरमध्ये वाचता येत नाही, आणि सगळं मोठ्या आर्काइव्हमध्ये बांधलेलं असेल तर गेम बनवणाऱ्याला सरळ मेल करून विचारा, छोटे छोटे गेम एकटा-दुकटा माणूस बनवत असतो, नीट विचारलं तर पुष्कळदा उत्तर येतं. पूर्ण बदललेला गेम कोणाला देऊ नका, फक्त तुमची फाइल द्या, आणि ती गेमच्या कुठल्या आवृत्तीसाठी आहे ते नावातच लिहा. गेमला अपडेट आला की स्क्रिप्ट बदलते, जुनी फाइल वर टाकली तर नवीन प्रसंग गायब होतात, तेव्हा अपडेटनंतर वही उघडून बदललेले मेन्यू परत तपासायचे आणि मगच फाइल नव्या नंबरने द्यायची.