सीटीवर हृदयाचे कप्पे मोजताना

हृदयाच्या कप्प्यांचे माप घ्यायचे तर पहिली तपासणी टूडी एकोचीच (हृदयाच्या सोनोग्राफीचीच) असावी. मात्र ज्या रुग्णाची कोरोनरी सीटी अँजिओग्राफी (हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) एरवीही होणार आहे, किंवा ज्याचा एको स्पष्ट दिसत नाही आणि ज्याला एमआरआयही चालत नाही, त्याच्या बाबतीत सीटीचा उपयोग होतो. त्यासाठी संपूर्ण ठोका टिपणारा रेट्रोस्पेक्टिव्ह गेटिंगचा (चित्रे मागाहून ईसीजीशी जुळवण्याच्या पद्धतीचा) स्कॅन लागतो. त्यात किरणोत्सर्ग वाढत असल्याने तो सरसकट करू नये.

सिंहगड रस्त्यावरील कोंडीतून धावतपळत आलेल्या रुग्णाला लगेच टेबलावर घेऊ नये. ठोके जलद असतील तर आकुंचनाचा शेवट यंत्राला नेमका पकडता येत नाही, त्या क्षणाचे आकारमान मोठे दिसते आणि इजेक्शन फ्रॅक्शन (जवनिकेतील किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकले जाते ते प्रमाण) खोटेच कमी भरते. ठोके मंदावणारे बीटा ब्लॉकर औषध दिले असल्यास त्याची नोंद अहवालात करावी, कारण त्याचाही आकड्यांवर थोडा परिणाम होतो.

ठोक्याच्या कालावधीत दर ५ किंवा १० टक्क्यांवर फेज (त्या त्या क्षणाची चित्रे) तयार करून घ्याव्यात आणि डाव्या जवनिकेची (खालच्या कप्प्याची) पोकळी सर्वांत मोठी व सर्वांत लहान दिसते त्या दोन फेज डोळ्यांनी पाहून निवडाव्यात. सॉफ्टवेअरने सुचवलेली फेज निमूटपणे स्वीकारू नये. पुढे शॉर्ट ॲक्सिसच्या (हृदयाच्या आडव्या छेदाच्या) चकत्यांवर पोकळीची कड आखावी. खरी कसोटी मायट्रल झडपेजवळच्या (डावी कर्णिका व डावी जवनिका यांमधील झडपेजवळच्या) चकतीची असते. समजा, प्रसरणाच्या शेवटी आकारमान १२० मिली व आकुंचनाच्या शेवटी ५० मिली आहे, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन सुमारे ५८ टक्के आहे. आकुंचनाच्या वेळी झडपेची पातळी हृदयाच्या शिखराकडे (टोकाकडे) सरकते, हे विसरून ८ मिमी जाडीची, साडेबारा चौरस सेंमीची कर्णिकेतील (वरच्या कप्प्यातील) एक चकती मोजणीत आली, तर १० मिली वाढतात आणि तोच रुग्ण ५० टक्क्यांवर येतो. म्हणून लाँग ॲक्सिसवर (हृदयाच्या उभ्या छेदावर) झडपेची रेषा दोन्ही फेजमध्ये स्वतंत्रपणे आखावी.

पॅपिलरी स्नायू (झडपेच्या दोऱ्या धरणारे जवनिकेतील स्नायू) पोकळीत धरा किंवा वगळा, पण पद्धत दोन्ही फेजमध्ये एकच ठेवा. डाव्या कर्णिकेचे माप ती सर्वांत मोठी असताना, म्हणजे जवनिकेच्या आकुंचनाच्या शेवटी घ्यावे, आणि त्यात अपेंडेज (कर्णिकेला जोडलेली छोटी पिशवी) व फुप्फुसशिरा धरू नयेत. उजव्या बाजूसाठी कॉन्ट्रास्टपाठोपाठ (रक्त चित्रात उठून दिसावे म्हणून शिरेतून दिलेल्या द्रवापाठोपाठ) कॉन्ट्रास्ट व सलाईनचे मिश्रण सोडावे, अन्यथा तेथे रेघोट्या तरी उमटतात किंवा कडा तरी दिसत नाहीत. आकारमाने शरीराच्या पृष्ठफळाने भागूनही द्यावीत. त्यासाठी उंची व वजन तोंडी न विचारता तेथेच मोजून घ्यावे.