चेनप्लेट काढायच्या आधी काय काय तयार ठेवायचं

जुनी शिडाची बोट असेल, पंचवीस-तीस वर्षं होऊन गेली असतील आणि चेनप्लेट शेवटच्या कधी काढून बघितल्या हे आधीच्या मालकालाही सांगता येत नसेल, तर यंदा त्या काढायच्याच असं ठरवून टाका. ज्यांना शब्द नवीन आहे त्यांच्यासाठी, डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या ज्या वायर असतात ना, श्राउड, त्यांचं खालचं टोक ज्या स्टीलच्या पट्टीत अडकवलेलं असतं ती पट्टी म्हणजे चेनप्लेट. ती डेकमधल्या फटीतून खाली केबिनमध्ये उतरते आणि बल्कहेडला, म्हणजे केबिनमधल्या आडव्या भिंतीला, बोल्टने बसवलेली असते. डेकच्या वर दोन-अडीच इंच दिसते, चकचकीत. केबिनमध्ये फूटभर दिसते, तीही बरी. सडते ती मधली, डेकच्या जाडीतली इंच-दीड इंच, जी कुठूनच दिसत नाही.

माझी बोट सत्तावीस फुटी, फायबरची. डावीकडची मागची चेनप्लेट वरून पुसली की आरसा, त्यामुळे सगळे म्हणायचे हिला काही झालेलं नाही, कशाला हात लावतोस. काढली तेव्हा मधल्या भागावर तपकिरी गाळ होता, नखाने खरवडला तर खाली केसाएवढी रेघ, पट्टीच्या एका कडेपासून आत गेलेली. व्हाइसमध्ये धरून हातोडीचे दोन ठोके घातले आणि बरोब्बर तिथेच मोडली. मोडलेली कड बघितली तर अर्ध्याहून जास्त भाग काळा, म्हणजे तेवढी आधीच चिरलेली, आणि उरलेला चांदीसारखा चमकणारा, तेवढ्यावर डोलकाठी उभी होती. तो तुकडा मी अजून जपून ठेवलाय, कोणी कशाला हात लावतोस म्हटलं की काढून दाखवतो.

हे होतं कसं तेही सांगतो, कारण पुढची सगळी तयारी त्यावरच आहे. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या पातळ थरामुळे, आणि तो थर टिकायला हवेतला ऑक्सिजन लागतो. डेकच्या फटीत सीलंट जुनं होऊन सुटलं की खारं पाणी आत शिरतं आणि तिथेच मुरतं, ऑक्सिजन संपतो, थर मोडतो आणि मिठातलं क्लोराइड धातू आतून खायला लागतं. वर मोकळ्या हवेतला भाग त्यामुळेच छान राहतो. म्हणून वरून पॉलिश मारून समाधान मानू नका.

आता वेळ. हे काम मुंबईत एप्रिल-मे मध्येच घ्यायचं, पावसाळ्यासाठी बोट वर ओढणारच आहात तर महिनाभर आधी ओढा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरला की डेकच्या आतलं ओलं लाकूड सुकणं विसरा, इपॉक्सी आणि सीलंटही ओल्यावर धरत नाहीत. यार्डवाल्याशी मार्चमध्येच बोलून ठेवा, मेच्या शेवटी सगळ्यांनाच बोट वर घ्यायची असते. आपल्याकडे उधाणाला पाणी चार मीटरच्या आसपास वरखाली होतं, बोट ओढायची तारीख अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासची भरती बघून धरावी लागते, म्हणजे महिन्यातून दोनच संधी, एक हुकली की पंधरा दिवस गेले. डोलकाठी उतरवायला क्रेन लागेल तिचंही त्याच वेळी ठरवा. डोलकाठी उतरवूनच काम करा असं माझं स्पष्ट मत आहे. नाहीच जमलं तर एका वेळी एकच चेनप्लेट, तिच्या बाजूला डोलकाठीच्या टोकाकडून येणारा हॅलयार्ड, म्हणजे शीड वर ओढायचा दोर, मजबूत जागी बांधून ताणायचा, दोन असतील तर दोन्ही, आणि तेवढ्या वेळात डोलकाठीवर कोणी चढायचं नाही म्हणजे नाही.

सोडायच्या आधी फोटो, भरपूर. श्राउड ताणायच्या प्रत्येक टर्नबकलवर आटे किती बाहेर आहेत ते मोजून लिहा आणि बॉडीला चिकटपट्टी लावून डावी-उजवी, पुढची-मागची लिहा. डेकवर चेनप्लेट कोणत्या कोनात झुकलीय तो कोन पुठ्ठ्यावर कापून घ्या, ती श्राउडच्या रेषेतच असली पाहिजे, नाहीतर प्रत्येक झटक्याला पट्टी वाकत राहते आणि मग चीर जातेच. हा पुठ्ठा मी पहिल्यांदा कापला नव्हता, नुसते फोटो होते, आणि फोटोवरून कोन काढता येत नाही.

काढायला लागणारं सामान साधं आहे: चांगले रिंग पाने, सॉकेट, गंज सोडवणारा स्प्रे, पिन ठोकायचा पंच, पातळ पटाशी, हीट गन आणि एक मदतनीस, कारण बोल्टचं डोकं बल्कहेडच्या एका बाजूला आणि नट दुसऱ्या बाजूला, तिथे संडासाचं नाहीतर कपाटाचं फळकूट मध्ये येतं, एकट्याचा हात पोचत नाही. स्प्रे आदल्या रात्री मारून ठेवा. स्टेनलेसचे आटे एकमेकांत जाम होतात, झटका देऊन फिरवला तर बोल्टच तुटतो, हळू हळू मागेपुढे करत सोडवा.

निघालेली प्रत्येक पट्टी धुवा आणि डीपी टेस्ट, म्हणजे रंग मुरवून चीर शोधायची डाय पेनेट्रंट टेस्ट, करा. तीन स्प्रेचं किट मिळतं, क्लीनर, लाल रंग आणि पांढरा डेव्हलपर. साफ करून लाल मारायचा, थांबायचं, पुसून टाकायचा, मग पांढरा मारायचा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. बोल्ट आणि पट्टीला टर्नबकल जोडणाऱ्या क्लेव्हिस पिनाही त्यातच घाला. पण खरं सांगू, इतकी मेहनत करून काढल्यावर जुन्या पट्ट्या परत लावू नका. टेस्टचा खरा उपयोग डोलकाठीवरच्या फिटिंगला, जी तुम्ही बदलणार नसाल तिला.

आता खरेदी. पट्टीसाठी गुलालवाडी, किका स्ट्रीटचा भाग, नट-बोल्टसाठी नागदेवी. मागायचं ३१६ ग्रेडचं स्टेनलेस, वेल्डिंग असेल तर ३१६ एल. ३०४ स्वस्त पडतं पण त्यात मॉलिब्डेनम नसतं, ३१६ मध्ये दोन-तीन टक्के असतं आणि खाऱ्या पाण्यात तोच फरक आहे. मला एका दुकानातून ३१६ म्हणून ३०४ च मिळालं होतं, बिलावर ३१६ लिहूनसुद्धा. चुंबक लावून हे कळत नाही, दोन्हीला जवळजवळ चिकटत नाही. टेस्ट सर्टिफिकेट मागा, त्यावरचा हीट नंबर, म्हणजे स्टीलच्या लॉटचा नंबर, पट्टीवर छापलेल्या नंबराशी जुळवा आणि तरी शंका वाटली तर मॉलिब्डेनमचे थेंब टाकून तपासून घ्या, बाजारात ते करून देणारे असतात. बोल्ट घेताना डोक्यावर ए४-७० किंवा ए४-८० वाचा, ए४ म्हणजे ३१६, ए२ म्हणजे ३०४ च्या जातीतला. आणि बोल्ट अर्धा गुळगुळीत दांड्याचा घ्या, पट्टीच्या भोकात आटे येता कामा नयेत, लोड तिथेच येतो. दारूखान्यात जहाजांच्या भंगारात सुंदर जाड स्टील दिसतं, मोह होतो, पण कुठल्या ग्रेडचं आणि किती वर्षं राबलेलं ते कोणाला माहीत, डोलकाठीसाठी तिथून काही उचलू नका.

पट्टी कापून घेताना कारागिराच्या शेजारी उभं राहा. नमुना म्हणून जुनी पट्टी आणि पुठ्ठ्याचा कोन दोन्ही द्या. लोखंड घासलेलं ग्राइंडरचं चाक नाहीतर वायर ब्रश स्टेनलेसला लावला तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि पहिल्याच महिन्यात तांबूस ठिपके उठतात, म्हणून नवीन चाक स्वतः विकत घेऊन जा, शंभर-दोनशे रुपयांचा प्रश्न आहे. लेझरने किंवा वॉटरजेटने कापून घेतलं तर उत्तमच. वाकवायची प्रेसवर, मोठ्या गोलाईने, गरम करून किंवा ठोकून नाही. भोकाच्या कडा मोडून घ्या आणि शेवटी बफ मारून आरसा करा, पॅसिव्हेशनही, म्हणजे आम्लाने धुऊन तो ऑक्साइडचा थर नीट बसवणं, करून घ्या. आरसा दिखाव्यासाठी नाही, खरखरीत जागी पाणी आणि मीठ धरून बसतं. पट्टी थोडी जाड घ्यावी असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटलं होतं, पण आधी टर्नबकलच्या जबड्यातलं अंतर मोजा, जाड पट्टी आत जाणारच नाही. क्लेव्हिस पिन भोकात खुळखुळता कामा नये. स्प्लिट पिन सगळ्या नवीन, मूठभर जास्तीच्या.

डेकचं काम लोक घाईत उरकतात आणि तिथेच फसतात. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फटीच्या आजूबाजूला ठोकत जा, चांगल्या जागी टणक आवाज येतो, आतला बाल्सा किंवा प्लायवूड कुजला असेल तिथे भद्द. कुजलेलं वाकवलेल्या खिळ्याने किंवा ॲलन कीने खरवडून काढा, अगदी कॉफीच्या चोथ्यासारखं ओलं काळं बाहेर येतं आणि वाटतं आता किती निघणार, पण कोरडं लाकूड लागेपर्यंत थांबू नका. मग पेडेस्टल फॅन लावून सुकू द्या, आठवडा गेला तरी चालेल. सुकल्यावर आधी पातळ इपॉक्सी पाजायचं, मग सिलिका घालून लोण्यासारखं घट्ट केलेलं भरायचं, म्हणजे उद्या सीलंट सुटलं तरी पाणी लाकडापर्यंत जाणार नाही. आपल्या उन्हात इपॉक्सी भराभर चढतं, थोडं थोडं कालवा आणि सकाळी लवकर करा. बल्कहेडचं प्लायवूडही बोल्टच्या भोकांपाशी टोकदार काहीतरी टोचून बघा. मऊ लागलं तर तेवढा भाग बदलल्याशिवाय नवी चेनप्लेट लावण्यात काही अर्थ नाही, सुताराचा वेळ आणि मरीन प्लाय आधीच धरून ठेवा.

सीलंट म्हणून ब्यूटाइल टेप घ्या, नाहीतर पॉलिसल्फाइड. बाथरूमचं सिलिकॉन अजिबात नको, आणि कायमचं चिकटणारं पॉलियुरेथेनही नको, कारण पाच-सात वर्षांनी ही पट्टी परत काढून बघायची आहे. फटीच्या वरच्या कडा कानशीने थोड्या तिरक्या करा म्हणजे सीलंटला बसायला जागा मिळते. ब्यूटाइल असेल तर डेकच्या फटीवर बसणारी वरची प्लेट एकदम आवळू नका, आज थोडी, उद्या थोडी, दुपारच्या उन्हात ते नरम होऊन बाहेर दबत राहतं. बोल्टला आटे जाम होऊ न देणारं अँटी-सीझ लावा, मागे मोठी बॅकिंग प्लेट द्या.

आणखी एक गोष्ट बोटीवर कायमची ठेवा, मोठा बोल्ट कटर, हॅकसॉची पाती, पंच आणि हातोडी. २०१८ साली एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब रेसमध्ये अभिलाष टॉमी यांच्या तुरिया बोटीची डोलकाठी दक्षिण हिंदी महासागरात मोडली, तिथे कारण वादळ होतं, चेनप्लेट नव्हे. पण डोलकाठी कशानेही पडो, ती वायरींना लटकून बोटीच्या अंगावर आपटत राहते आणि तेव्हा वायर तोडायला काहीतरी हाताशी लागतंच.

डोलकाठी परत उभी केल्यावर लिहून ठेवलेल्या आट्यांपर्यंत हाताने आणा आणि मग ताण मोजा. एकोणीस तारांची, म्हणजे १×१९ वायर असेल तर ताण मोजायचा मीटर नसला तरी भागतं: सैल असताना दोन मीटरची मोजपट्टी वरच्या टोकाशी वायरला बांधा, खालच्या टोकाशी वायरवर खूण करा, आवळताना ती लांबी एक मिलिमीटर वाढली की ताण वायरच्या तुटण्याच्या क्षमतेच्या पाच टक्के झाला, तीन मिलिमीटर म्हणजे पंधरा. स्प्लिट पिनचे पाय थोडेच उघडा, गुंडाळू नका, वरून टेप लावा म्हणजे शीड फाटणार नाही.

मग आतून प्रत्येक चेनप्लेटखाली टिश्यू पेपर चिकटवा आणि वरून दहा मिनिटं पाइपने पाणी सोडा, पेपर ओला झाला तर तिथे गळतंय. पहिल्या दोन-तीन सफरींनंतर ताण परत बघा, नवीन सांधे बसतात तसा थोडा उतरतो. आणि पुढच्या जूनमध्ये पहिल्या जोरदार सरीनंतर यार्डात जाऊन ते टिश्यू पेपर परत लावून बघा.