वजन कमी करायची सर्जरी झालीये आणि थीम पार्कला जाताय? खाण्यापिण्यातल्या या चुका टाळा

माझी बायपास (हृदयाची नाही, वजन कमी करायची गॅस्ट्रिक बायपास, यात जठराचा छोटासा कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात) होऊन ७ महिने झाले होते तेव्हा मी भाच्यांना घेऊन थीम पार्कला गेले. आदल्या रात्री मोबाइलवर तिथल्या सगळ्या फूड काउंटरचे मेनू वाचून काढले होते, ग्रिल्ड चिकन कुठे मिळतं, सूप कुठे, सॅलड कुठे, सगळ्याचे स्क्रीनशॉट. आणि एवढी तयारी करून दुपारी अडीच वाजता मी एका बाकावर बसून टिश्यूत फेस थुंकत होते. खाल्लं काय होतं? तेच ग्रिल्ड चिकन. म्हणजे मेनूत काहीच चूक नव्हती. सकाळी साडेआठनंतर पोटात काही नव्हतं, एका राइडला पाऊण तास रांगेत उभी, पुढच्या राइडचा स्लॉट २० मिनिटांवर, म्हणून उभ्याउभ्या चार मिनिटांत पाच-सहा घास कोंबले आणि संपलं.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की थीम पार्कमध्ये आपल्यासारख्यांना जेवण नाही नडत, घड्याळ नडतं. सगळा दिवस राइड आणि रांगा ठरवतात आणि आपलं नवीन पोट मात्र स्वतःच्या टाइमटेबलवर चालतं, ते कुणासाठी थांबत नाही. खालच्या बहुतेक चुका त्यातूनच होतात.

एक गोष्ट आधीच सांगते. सर्जरीनंतर लिक्विड, मग प्युरी, मग मऊ, असं करत करत साधारण ६ ते ८ आठवड्यांत लोक नेहमीच्या अन्नावर येतात. तुम्ही अजून त्या मधल्या टप्प्यात असाल तर पार्कचं जेवण हा विषयच नाही, आणि राइडचं तर सर्जनने हो म्हटल्याशिवाय नाहीच, पोटावरचा तो बार आणि झटके आतल्या ताज्या टाक्यांसाठी नसतात.

भूक लागेल तेव्हा खाऊ, ही पहिली चूक

पोटात कावळे ओरडले की खायचं ही आपली आयुष्यभराची सवय. पण स्लीव्हमध्ये, म्हणजे जठर कापून नळीसारखं करायच्या दुसऱ्या सर्जरीत, जठराचा जो भाग काढतात, साधारण ७५-८० टक्के, तिथेच भुकेचं हार्मोन जास्त बनतं, आणि बायपासवाल्यांचीही भूक सुरुवातीचे महिने दबलेली असते. थोडक्यात कावळे ओरडतच नाहीत. मग दोन वाजतात, तीन वाजतात, १२-१५ हजार पावलं होतात आणि एकदम पाय लटपटायला लागतात, डोळ्यापुढे अंधारी, आणि त्या घाबरलेल्या अवस्थेत समोर दिसेल त्यावर आपण तुटून पडतो. म्हणून मोबाइलला अलार्म लावा, दर ३ तासांनी. अलार्म वाजला की रांगेत असलात तरी छोटं काहीतरी खायचं, आणि दिवसातलं एक जेवण तरी टेबलवर बसून, २०-३० मिनिटं देऊन. मी आता राइडचे स्लॉट घेतानाच मधला एक तास मोकळा सोडते, भाचे कटकट करतात, करू देत.

गर्दीच्या वेळेत फूड कोर्टात टेबल मिळायलाच अर्धा तास जातो, मग जेवताना मागे कोणीतरी ट्रे घेऊन तुमच्या उठण्याची वाट बघत उभं राहतं आणि आपण नकळत भराभर गिळायला लागतो. साडेअकराला नाहीतर तीन वाजता जेवा. ज्यांना एका वेळी मूठभर खायचंय त्यांनी एक वाजता सगळ्या जगाबरोबर जेवलंच पाहिजे असं थोडीच आहे.

पाण्याचं गणित

यात सगळ्यात जास्त लोक चुकतात आणि यात चुकलं तर थेट सलाइनपर्यंत जातं. सर्जरीनंतर पेशंटला परत हॉस्पिटलात यावं लागतं त्याच्या नेहमीच्या कारणांमध्ये डिहायड्रेशन असतंच. दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी सांगतात, उन्हात चालायचं असेल तर त्याहून जास्त लागतं, पण आपल्याला घटाघटा पिता येत नाही आणि जेवताना व जेवल्यानंतर अर्धा तास प्यायचं नाही. म्हणजे जेवणांचे तास वजा केले की प्यायला वेळ उरतो किती बघा! आणि तहान लागल्यावर एकदम अर्धी बाटली ओतली की छातीत दुखतं किंवा ते तसंच वर येतं.

मग करायचं काय, तर रांग म्हणजे पाणी. रांगेत उभं राहिलं की बाटली हातात, दर दोन-तीन मिनिटांनी एक घोट. रांगेचा एवढा एकच उपयोग आहे असं समजा. गडबड होते ती लॉकरमुळे. बऱ्याच राइडला बॅग आत नेता येत नाही, बाटली लॉकरमध्ये जाते आणि पुढचा तासभर आपण कोरडे. कमरेला अडकवायची छोटी बाटली मिळते ती घ्या, किंवा सोबत जो राइडला जात नाहीये त्याच्याकडे द्या. लघवी गडद पिवळी झालीये, तोंड चिकट झालंय, उठल्यावर गरगरतंय असं असेल तर राइड सोडा, सावलीत बसा आणि तासभर फक्त घोट घोट पाणी किंवा साखर नसलेलं इलेक्ट्रोलाइट. साखरवालं स्पोर्ट्स ड्रिंक घेऊ नका, कारण पुढे येतंच आहे.

उन्हात थंड आणि गोड

३३० मिलीच्या साध्या कोलाच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते, आणि पार्कमधले कप त्याच्या दुप्पट-तिप्पट असतात. त्यात गॅस. एवढ्याशा पाउचमध्ये (सर्जरीनंतर उरलेलं छोटं पोट), म्हणजे बायपासचा सुरुवातीला जेमतेम ३० मिलीचा असतो आणि स्लीव्हचा १००-१५० मिलीचा, त्यात गॅस फुगला की काय होईल ते मी सांगायला नको. बर्फाचा चुरा घातलेली रंगीत सरबतं, सॉफ्टी, साखरेचा कापूस, सगळं त्याच यादीत.

साखर पाउचमधून भसकन लहान आतड्यात उतरते, तिथे आजूबाजूचं पाणी खेचून घेते, आणि १० ते ३० मिनिटांत पोटात पीळ, मळमळ, धडधड, घाम, जुलाब. हे डम्पिंग. बायपासवाल्यांना जास्त होतं पण स्लीव्हवाल्यांनी आपल्याला काही होणार नाही असं गृहीत धरू नये. आणि विचार करा, ती १० ते ३० मिनिटं म्हणजे तुम्ही नेमके रांगेच्या मधोमध, पुढे शंभर माणसं, मागे शंभर, आणि टॉयलेट कुठे ते माहीत नाही. झालंच तर रांगेतून बाहेर पडा, लाज बाळगू नका, आडवं होता आलं तर व्हा (फर्स्ट एड रूममध्ये पलंग असतो, मागितला की देतात), अर्ध्या-एक तासात बहुतेक वेळा ओसरतं. नंतर घोट घोट पाणी.

दुसरा प्रकार जास्त फसवा. गोड खाल्ल्यावर १ ते ३ तासांनी रक्तातली साखर एकदम खाली जाते, कारण शरीर गरजेपेक्षा जास्त इन्शुलिन सोडतं. हात थरथरतात, घाम येतो, डोकं चालत नाही, आणि सॉफ्टी दोन तासांपूर्वी खाल्लेली असते म्हणून कुणाला संबंध लागत नाही, सगळे म्हणतात ऊन लागलं. शुगर मोजायचं मीटर असेल तर बघा, ७० mg/dL च्या खाली असेल तर ग्लुकोजच्या गोळ्या साधारण १५ ग्रॅमच्या हिशोबाने घ्या आणि सावरल्यावर चीज किंवा अंडं असं काहीतरी प्रोटीन. नुसती साखरच खात राहिलात तर दोन तासांनी परत तेच. असं वारंवार होत असेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. डायबेटिसची औषधं किंवा इन्शुलिन अजून चालू असेल तर एवढ्या चालण्याच्या दिवशी डोस काय ठेवायचा हे आधी विचारून घ्या.

शुगर-फ्री चॉकलेटं खिशात भरून नेणाऱ्यांसाठी एक सूचना, त्यातलं माल्टिटॉल-सॉर्बिटॉल पोट धुऊन काढतं. मी अनुभवाने बोलतेय, जास्त विचारू नका.

पैसे दिलेत ना, मग संपवू

बाहेरच्यापेक्षा महाग असतं म्हणून आपला जीव तुटतो, आणि कॉम्बो तर असा रचलेला असतो की एकटा पदार्थ घेणं वेडेपणा वाटावा. पण त्या कॉम्बोतला बन, फ्राइज आणि कोला, तिन्ही आपल्या कामाचे नाहीत. बनचा तर पाउचमध्ये चिकट गोळा होतो. एक प्लेट दोघांत घ्या, आपण आधी प्रोटीन उचलायचं, बाकी दुसऱ्याचं. दिवसाचं ६०-८० ग्रॅम प्रोटीन व्हायचं असतं आणि एका अंड्यात फक्त ६ ग्रॅम, तेव्हा फ्राइजला जागा द्यायला आपल्याकडे जागाच नाहीये.

किड्स मील घेतलं की प्रश्न सुटला असं खूपजण सांगतात. मला नाही पटत. आकार लहान हे खरं, पण आत बघाल तर तळलेले नगेट्स, पास्ता आणि ज्यूस. मुलाचं घ्या पण काउंटरवर विचारा ग्रिल्ड मिळेल का, ज्यूसऐवजी दूध किंवा पाणी मिळेल का. बऱ्याचदा देतात, फक्त विचारावं लागतं. बुफे मी टाळते. सर्जरी झाल्याचं कार्ड किंवा हॉस्पिटलचं पत्र दाखवल्यावर काही ठिकाणी कमी दर लावतात, पण तो त्यांचा मर्जीचा मामला, हक्क नाही, त्यामुळे काउंटरवर भांडण घालू नका.

ते पत्र मात्र गेटवर जास्त उपयोगी पडतं. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत अशा पार्कातसुद्धा मेडिकल कारणासाठी साधारणपणे सूट असते. आधी फोन किंवा मेल करून लेखी घ्या, गेटवरच्या गार्डशी वाद घालून काही होत नाही. बॅगेत प्रोटीन पावडरची छोटी पाकिटं, उकडलेली अंडी, चीजचे तुकडे, आणि अंडी-चीज-दही न्यायचं असेल तर बर्फाची पिशवी हवीच, उन्हात तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहिलेलं मी फेकते.

घास अडकला तर

छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखं, मग तोंडात लाळ, मग फेस. कोरडं चिकन, स्टेक, बन, भात, पास्ता, हे नेहमीचे गुन्हेगार, आणि काउंटरवर तासभर दिव्याखाली तापत पडलेलं चिकन तर हमखास, माझं तेच झालं. इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे वरून पाणी पिऊन घास ढकलायचा प्रयत्न. खाली रस्ता बंद आहे, पाणी जाणार कुठे? दुखणं वाढतं आणि सगळं वर येतं. सोडा पिऊन फुटतो असंही कोणीतरी सांगेल, ऐकू नका. खाणं थांबवा, उभे राहा, हळूहळू चाला, फेस येईल तो गिळू नका, थुंका. बहुतेक वेळा थोड्या वेळात उतरतं नाहीतर उलटी होऊन मोकळं वाटतं. त्यानंतर काही तास फक्त लिक्विड, कारण आतला भाग सुजलेला असतो, लगेच परत घन खाल्लं की परत अडकतं. स्वतःची थुंकीही गिळता येत नसेल आणि ते लवकर सुटत नसेल तर थेट हॉस्पिटल.

पुढच्या वेळी ग्रेव्ही किंवा सॉस बाजूला मागा, घास मटारएवढा, २०-२५ वेळा चावा. आणि खाल्ल्यावर तासभर तरी गरगर फिरणारी राइड नको, शो बघा, फोटो काढा.

गोळी आणि बिअर

संध्याकाळी पाय आणि डोकं दुखायला लागतं आणि सोबतचं कोणीतरी प्रेमाने आयबुप्रोफेन काढून देतं. बायपासनंतर ही आणि डायक्लोफिनॅकसारखी औषधं टाळायची असतात, जोडलेल्या जागी अल्सर होतो, स्लीव्हवाल्यांनाही बरेच सर्जन नकोच म्हणतात. पॅरासिटामॉल स्वतःच्या बॅगेत ठेवा. आणि सर्जरीनंतर दारू रक्तात लवकर आणि जास्त चढते, उन्हात उपाशीपोटी एक ग्लाससुद्धा भारी पडू शकतो.

पोटात असह्य दुखतंय आणि थांबतच नाहीये, उलटीत रक्त, काळी शी, ताप, किंवा घोटभर पाणीही टिकत नाहीये, असं असेल तर ऊन लागलं म्हणून झोपून राहू नका. बायपासनंतर आतडं आत अडकण्याचा प्रकार वर्षांनंतरही होऊ शकतो. फर्स्ट एड रूममध्ये गेलात तर तोंडातून पहिलं वाक्य सर्जरीचं निघालं पाहिजे, कुठली झाली आणि कधी, कारण एरवी तिथे चक्कर आलेल्याला आधी गोड ज्यूस देतात. मी आता लॉकस्क्रीनवरच लिहून ठेवलंय, बायपास, वर्ष, सर्जनचा नंबर, आणि खाली 'ज्यूस देण्याआधी शुगर तपासा'. मोठ्या भाच्याला ते पाठ आहे.